साडेसहाची कवायत

पहिला पाइप कायानोंच्या उजव्या खांद्यावर पडला, तेव्हा रेडिओ ‘पाच, सहा, सात, आठ’ म्हणत होता.

पाइप दीड इंची होता. आम्ही फाउंड्रीतली माणसं, अशा वेळीही आधी माप दिसतं. आवाज मात्र लोखंडाचा आला नाही. ओली फांदी मोडावी तसा आला. कायानो खाली बसले, तेही अगदी बेतानं, जणू कवायतीचा पुढचा प्रकार तोच होता. बाकीचे अकराजण आम्ही तसेच उभे. दोन रांगा, हात वर. गेटातून घुसलेल्या सतरा गुंडांना समोर दिसलं ते एवढंच की, आपण अजून तोंडही उघडलं नाही आणि ही माणसं ओळीनं हात वर करून उभी आहेत. क्षणभर तेही थबकले.

ही गोष्ट मी कोल्हापुरात आजवर दोनशे वेळा तरी सांगितली असेल. उद्यमनगरातल्या निरोपसमारंभांत, गणपतीच्या मांडवात, एकदा तर बारशाला. या जागी लोक हसतात. मी थांबतो, पाणी पितो, वरचा खोटा दात जागेवर आहे ना ते जिभेनं चाचपतो आणि पुढं सांगतो. खरा दात त्याच सकाळी पडला, त्यामुळे तोही कार्यक्रमाचा भाग आहे. आज मात्र मधे पाणी न पिता सगळं सांगायचं ठरवलंय.

साल सत्याहत्तर. मी भूपाल चौगुले, वय सव्वीस. आमच्या कोल्हापूरच्या मालकांनी मला दोन वर्षांसाठी जपानला बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं काम शिकायला पाठवलं होतं. तोक्योच्या उत्तरेला नदी ओलांडली की कावागुची लागतं. गल्लीच्या या बाजूला फाउंड्री, त्या बाजूलाही फाउंड्री. काळी माती, धूर आणि खोकणारी माणसं पाहून मला पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटलं.

तिथली आमची फाउंड्री दहा कामगारांची. गटारांची झाकणं ओतायची. त्या वर्षी फेब्रुवारीत मालक बुडाला आणि बायकोमुलांसकट नाहीसा झाला. मागे राहिले मॅनेजर कुसुदा आणि दारावर डकवलेला एक कागद : कारखाना बंद, सर्वांनी घरी जावे. कामगार घरी गेले नाहीत. युनियनकडे गेले.

तिकडं मोठ्या कंपन्यांना आपापली युनियन असते, शाळेला बँडपथक असावं तशी. दहा माणसांच्या कारखान्याला कोण विचारतो? असल्या बेवारशी लोकांना गोळा करणारी एक सर्वसाधारण युनियन होती. छापखान्यातला एकटा जुळारी, शेवयांच्या कारखान्यातले तिघे, टॅक्सीवाले, न्हावी, कुणीही यावं. तिच्या वतीनं आमच्याकडे आल्या इतोई सुगाको. वय पन्नास, उंची माझ्या छातीइतकी, पाठीवर कापडी पिशवी. मी तोंडावर इतोई-सान म्हणायचो, मनात इतोईबाई. पिशवीतून त्यांनी पहिल्यांदा काढला तो लाल झेंडा, मग सुईदोरा, मग स्वतःची चहाची कपबशी.

झेंड्यावर त्या आमच्या फाउंड्रीच्या नावाची पांढरी पट्टी शिवत होत्या. मी बोटानं चाचपलं, तर पट्टी गोधडीसारखी जाड.

“सात थर आहेत,” त्या म्हणाल्या. “दर वेळी नवा झेंडा कशाला? बदलतं ते नाव तेवढंच.”

“खाली कोण कोण आहे?”

“सगळ्यात खाली सूतगिरणी. मी विशीत होते. हरलो. त्यावर छापखाना, जिंकलो. शेवया, हरलो. टॅक्सी, जिंकलो, पण मालकच मेला.”

“म्हणजे युनियनचा इतिहास वाचायचा तर झेंडा उसवावा लागेल.”

माझ्या विनोदाला त्या हसल्या नाहीत. दाताखाली दोरा तोडत म्हणाल्या, “उसवू नका, चौगुरे-सान. खालच्यांच्या जाडीवर वरचं टिकतं.” चौगुलेचं चौगुरे तिकडं सगळेच करायचे; ‘ल’ त्यांच्या जिभेला जमत नाही.

कामगारांनी फाउंड्रीचा ताबा घेतला आणि तिथंच मुक्काम टाकला. नुसते बसून राहिले नाहीत. झाकणं ओतत राहिले. मालक गेल्यापासून झाकणं जरा बरीच निघत होती, हे मी शिकाऊ असूनही मला कळत होतं. असे चाळीस दिवस गेले. आणि मग तो गुरुवार ठरला. सकाळी दहाला कोर्टाचा माणूस पाहणीला येणार होता. तो येईल तेव्हा आत जो असेल त्याचा ताबा, अशी नोंद व्हायची. कामगार आत सापडले तर खटला संपेपर्यंत फाउंड्री त्यांची. बाहेर सापडले तर दुपारपर्यंत लाकडी पॅटर्न ट्रकमध्ये आणि भट्टी भंगारात. पॅटर्न गेले की फाउंड्री गेली. साचा कशावर घालणार? कायानोंनी त्या पॅटर्नवर एकतीस वर्षं साचे घातले होते. कुठला पॅटर्न कुठल्या कोपऱ्यात जरा चिकटतो हे त्यांना स्वतःच्या दुखऱ्या खांद्याइतकं ठाऊक होतं.

आता कवायत. सकाळी साडेसहाला रेडिओवर पियानो वाजतो, एक आवाज आकडे म्हणतो आणि हा देश दहा मिनिटं हातपाय हलवतो. कारखान्यांत ती मुकादमाच्या डोळ्यांदेखत होते. आमच्याकडे मालक पळाला, मुकादम पळाला, तरी कवायत सुरूच. सगळ्यांनी मिळून, गेटवरच्या पहारेकऱ्यासकट. तो दांडका भिंतीला टेकवून पहिल्या रांगेत यायचा.

एकदा मी विचारलं, “इतोई-सान, मालकच नाही, मग ही कवायत कुणासाठी?”

“मालकासाठी कधी करत होतो?”

“पण दहा मिनिटं गेट उघडं राहतं.”

“दहा मिनिटांत काय होतंय? आणि एकाला गेटवर ठेवला तर त्याला वाटेल, मला वगळलं. चाळीस दिवस माणसं एकत्र ठेवायची म्हणजे कुणाला काय वाटेल हेच बघावं लागतं.”

कायानोंचा उजवा खांदा आखडलेला. तिसऱ्या प्रकारात हात गोल फिरवायचा असतो. त्यांचा हात कानापर्यंत जायचा आणि तिथं रुतायचा, मग ते डाव्या हातानं त्याला खालून ढकलायचे आणि हात वर गेला की स्वतःच दचकायचे. मी ही नक्कल एका दुपारी जेवताना केली. लोक हसून हसून आडवे. तापट मोरिवाकीच्या नाकातून भात बाहेर आला. सगळ्यांत जास्त हसले स्वतः कायानो.

“माझ्यापेक्षा छान करतोस की रे,” ते म्हणाले. “उद्यापासून माझ्या जागी तूच उभा राहा.”

तर त्या गुरुवारी तिसऱ्या प्रकारात, कायानोंचा हात कानाशी रुतलेला असताना, पाइप पडला. नेमका त्याच खांद्यावर.

थबकलेले गुंड भानावर आले. त्यांच्या म्होरक्याच्या शर्टावर मोर होता, पिसारा पार पाठीपर्यंत. तो ओरडला, “बाहेर काढा सगळ्यांना!” आणि मग दोन रांगा उरल्या नाहीत. पुढच्या रांगेतला ओगाता नावाचा भट्टीवाला पोटात लाथ बसून वाकला, तो वाकलेला असतानाच त्याच्या पाठीवर दुसरा पाइप बसला आणि त्याच्या तोंडातून सकाळचा चहा बाहेर पडला. पहारेकरी भिंतीला टेकवलेल्या दांडक्याकडे धावला. दांडकं आधीच एका गुंडाच्या हातात होतं. स्वतःच्याच दांडक्यानं त्याचं कपाळ फुटलं. रेडिओ म्हणत होता, ‘आता छाती पुढं, दीर्घ श्वास.’

“पॅटर्नच्या खोलीकडे!” इतोईबाई ओरडल्या. त्यांच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं, ते कामाच्या बाईनं घाम पुसावा तसं मनगटानं पुसत होत्या. “अंगण सोडा! आत चला!”

मोरिवाकीनं झेंड्याचा बांबू उपटला. समोरून आलेल्याच्या गळ्यात त्यानं तो असा घातला की गुंड आणि झेंडा दोघेही खाली गेले आणि सात कारखान्यांची नावं एकदम त्याच्या तोंडावर पडली. आम्ही कायानोंना काखेत धरून ओढत शेडमध्ये नेलं. उजवा हात लोंबत होता, माझ्या मांडीवर आपटत होता. शुद्धीवर होते. मला म्हणाले, “हळू. आज तो हात कुणाचं ऐकणार नाही.”

दारात जाताना मी मागे पाहिलं आणि तेव्हाच मॅनेजर कुसुदा गेटातून आत आले. राखाडी सूट, हातात छत्री, पाऊस नसताना. अंगणात आमचे चौघे पडलेले, एकजण रांगतोय. कुसुदांनी रेडिओकडे पाहिलं. त्यांना हसू फुटलं. आणि छत्री काखेत धरून त्यांनी उजवा हात उचलला. हात कानापर्यंत गेला. तिथं रुतला. डाव्या हातानं त्यांनी त्याला खालून ढकललं, तो वर गेला, आणि ते दचकले.

दचकणं माझं होतं. म्हणजे कायानो दचकायचे ते जरासं. मान मागे टाकून, डोळे विस्फारून दचकणं ही मी घातलेली भर होती. ते दचकणं जगात फक्त मी करायचो.

शेडच्या दारात कायानोंना धरून आम्ही सातजण होतो. सगळ्यांनी ते दचकणं जेवताना पाहिलेलं. माझ्याकडे वळून कुणी पाहिलं नाही, तेवढा वेळच नव्हता. फक्त इतोईबाईंनी पाहिलं. रागानं नव्हे. दोरा ओवताना सुईच्या भोकाकडे पाहावं तसं.

आता ते सांगतो, जे बारशाला सांगत नाही.

मंगळवारी कुसुदांनी मला नूडल्सच्या दुकानात जेवायला बोलावलं होतं. माझ्या शिक्षणाच्या दाखल्यावर त्यांची सही व्हायची होती. ती नसती तर कोल्हापूरला परत जाऊन मी काय तोंड दाखवणार होतो? पण खरं सांगतो, त्यांनी दाखल्यासाठी माझ्याकडे काहीही मागितलं नाही. मागितलं असतं तर मी बाणेदारपणे नकार दिला असता, अशी माझी अजूनही समजूत आहे. ते नुसते पडलेल्या चेहऱ्यानं बसले होते. समोरचा माणूस हसत नसला की मला धाप लागते. लहानपणापासूनचं दुखणं. मी म्हटलं, साहेब, आमचा संप बघायला या एकदा, काय कवायत चालते! आणि उठून, दोन टेबलांच्या मधे उभा राहून, सगळं करून दाखवलं. कायानोंचा खांदा. ते दचकणं. पहारेकऱ्याचं दांडकं भिंतीला टेकवणं.

कुसुदांच्या डोळ्यांत पाणी आलं. “गेटवालासुद्धा?” ते हसत हसत म्हणाले.

“गेटवाला तर पहिल्या रांगेत, साहेब!”

“रोज?”

“रेडिओ बंद पडेल, पण आमचे लोक नाहीत.”

दुकानातली बाईसुद्धा हसली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत रंगलेला प्रयोग. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असं.

शेडमध्ये आत गेलो ते सातजण, आणि मागे चौदा-पंधरा गुंड. फाउंड्रीत मारामारी करू नये, असा माझा सल्ला आहे. प्रत्येक वस्तू मारायला सोयीची असते. मोरिवाकीनं माती ठोकायचा रॅमर उचलला आणि पहिल्याच्या नडगीवर घातला. हाड कातडीतून बाहेर आलं, पांढरं, आणि तो माणूस त्याच्याकडे आश्चर्यानं बघत बसला. भट्टीवाल्यांपैकी एकानं साच्याची माती ओंजळीनं डोळ्यांत फेकायला सुरुवात केली. त्याच्या तोंडावर पाइप बसला. तो पडला, तिथूनच आंधळ्यासारखा फेकत राहिला, निम्मी आमच्यावर.

कायानो पॅटर्नच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवे झाले होते. चांगला हात त्यांनी दाराच्या चौकटीला धरला होता. मोरवाला म्हणाला, “म्हाताऱ्या, सोड.”

“माझी जागा आहे ही,” कायानो म्हणाले.

“सोड म्हणतो ना.”

“एकतीस वर्षं इथंच आहे. तू कुठून आलास, बाळ?”

मोरवाल्यानं आजूबाजूला पाहिलं. बिडाचं एक झाकण भिंतीला टेकून उभं होतं, आमच्याच हातचं, अठ्ठेचाळीस किलोचं. त्यानं ते चौकटीकडे लोटलं. झाकण कडेवर फिरत गेलं आणि पडलं. चौकट धरलेली बोटं त्याच्या खाली होती. कायानो ओरडले नाहीत. ओरडलो मी.

माझ्या हातात वितळलेलं बीड ओतायचं लांब दांड्याचं रिकामं लॅडल कधी आलं ते आठवत नाही. मोरवाल्याच्या कानशिलावर ते बसलं एवढं आठवतं, आणि दांड्यातून हातात आलेला धक्काही आठवतो. कवटी कशी असते हे हाताला कळतं; डोळ्यांना कळत नाही. तो गुडघ्यांवर आला. मी पुन्हा मारलं. तो पडला होता, तरी पुन्हा मारलं. कुणीतरी मागून माझ्या कमरेला मिठी घालून मला ओढलं. इतोईबाई होत्या.

“पुरे,” त्या माझ्या पाठीत तोंड खुपसून म्हणाल्या. “यानं फिटायचं नाही ते.”

तेवढ्यात अंगणातला पियानो थांबला. सहा चाळीस.

आणि गल्लीतली माणसं आली. आधी का आली नाहीत? आरडाओरडा त्यांनी सगळा ऐकला होता. भिंतीपलीकडच्या फाउंड्रीत, समोरच्या फाउंड्रीत, सगळीकडे कवायत सुरू होती आणि मुकादम पुढं उभे होते. ती दहा मिनिटं मालकाची. कवायत संपली की सातच्या भोंग्यापर्यंतची वीस मिनिटं माणसाची स्वतःची. त्यात त्यानं विडी ओढावी नाहीतर काय हवं ते करावं. चाळीसएक माणसं गेटातून आली. हातात पांढरे मोजे, रॅमर, फावडी. कुणी घोषणा दिली नाही. कवायतीनं अंग मोकळं झालेलं होतंच. पहिल्या गुंडाला चौघांनी उचलून गुंडांच्याच गाडीच्या काचेतून आत टाकलं. काच बंद होती. दुसऱ्याचा हात फाटकात अडकवून फाटक लावलं. एका कुबड्या म्हाताऱ्यानं फावड्याच्या पाठीनं एकाच्या गुडघ्यांवर असे फटके दिले, जसे कुणी गालिचा झटकतो. पंधरा मिनिटांनी अंगणात गुंड नव्हते. त्यांचे चार बूट होते, एक दातांची कवळी होती आणि मोराच्या शर्टाची एक बाही. सहा अठ्ठावन्नला चाळीसही जण भोंग्याला परत गेले. जाताना त्यातल्या एकानं आमचा रेडिओ बंद केला.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. मोरिवाकी समोर आला. त्यानं हातातले मोजे काढले, नीट घडी करून खिशात ठेवले.

“उठा, चौगुरे-सान.”

मी उठलो.

“मोरिवाकी-सान,” इतोईबाई मागून म्हणाल्या. “एकच.”

त्यानं एकच मारला. दात पडला तो असा. गुंडांपैकी कुणी माझ्या अंगाला बोटही लावलं नव्हतं.

दहाला कोर्टाचा माणूस आला, सोबत कुसुदा. तोवर आम्ही अंगण झाडलं होतं. कायानोंना इस्पितळात न्यायला रुग्णवाहिका येऊन उभी होती, पण ते जाईनात. “मोजणी झाल्याशिवाय नाही,” म्हणाले. चेंदा झालेला हात टॉवेलात गुंडाळून कोटाच्या आत ठेवला होता. मोडक्या खांद्याचा हात दुसऱ्या बाजूला लोंबत होता. ते खुर्चीवर ताठ बसले, ओठ निळे. कोर्टाचा माणूस चष्मा लावून सगळीकडे फिरला. पॅटर्नची खोली पाहिली. मग वहीत लिहिताना मोठ्यानं म्हणाला, “ताबा : अकरा व्यक्ती. पैकी चार आडव्या.”

इथं माझा कार्यक्रम संपतो. टाळ्या पडतात.

पण तो माणूस तेवढ्यावर थांबला नव्हता. त्यानं पेन माझ्याकडे केलं. “आणि हे?”

मी काही बोलणार, त्याआधी कुसुदा पुढं आले. त्यांच्या सुटावर मातीचा कणही नव्हता. त्यांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून, सगळ्यांदेखत मला दिलं. माझा दाखला. सही, शिक्का, सगळं. शेवटच्या रकान्यात शेरा होता : ‘सहकार्य उत्तम.’

कोर्टाचा माणूस थांबला होता. त्यानं पुन्हा विचारलं, “हे कोण?”

इतोईबाईंनी माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं.

“पाहुणे आहेत,” त्या म्हणाल्या.

मोरिवाकीचा ठोसा याच्यापुढं काहीच नव्हता. दाखला मात्र मी फाडला नाही. माझ्या बायकोनं पुढं त्याची फ्रेम केली. अजून आमच्या हॉलमध्ये आहे. आल्यागेल्याला ती मोठ्या कौतुकानं शेरा वाचून घ्यायला सांगते.

कायानोंची चार बोटं काढावी लागली. मी संध्याकाळी इस्पितळात गेलो, दारात उभा राहिलो. त्यांनी मला बघितलं.

“तुझी नक्कल कुसुदापेक्षा चांगली होती,” ते म्हणाले. “त्याला दचकता येत नाही.”

आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी परत येऊन बॅग भरली. सकाळी लवकर निघायचं, कुणाच्या दृष्टीस न पडता. पावणेसातची गाडी होती. सहा पंचवीसला बॅग घेऊन जिना उतरलो, तर अंगणात सगळे गोळा झालेले. दहाजण. कपाळाला पट्ट्या, गळ्यात हात, एकजण काठीवर. ओगाता तर उभाही राहू शकत नव्हता. त्याला पेटीवर बसवला होता. रेडिओ सुरू करून ठेवलेला. कायानोंची जागा दुसऱ्या रांगेत मोकळी सोडली होती.

इतोईबाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या एका हातात पहारेकऱ्याचं दांडकं होतं, दुसऱ्या हातात लाल फीत, दंडावर बांधायची. दांडक्यावर वाळलेलं रक्त होतं.

“बॅग खाली ठेवा,” त्या म्हणाल्या.

ठेवली. त्यांनी माझ्या दंडाला फीत गुंडाळली. हात पुरेना म्हणून टाचा उंचावल्या. टाचणी लावताना ती माझ्या दंडात घुसली; चुकून की मुद्दाम, हे मी कधी विचारलं नाही.

“आजपासून कवायतीच्या वेळी गेटवर एकजण राहणार.”

“इतोई-सान, मी? मलाच का?”

“बाकी कुणाला ठेवलं तर त्याला वाटेल, वगळलं. शिवाय तुम्हाला कवायत पाठ आहे. बघायची गरज नाही. तोंड रस्त्याकडे, पाठ आमच्याकडे.”

मोरिवाकी काही बोलायला गेला. त्यांनी मागे न वळता नुसता हात वर केला.

मी गेटवर जाऊन उभा राहिलो. मागे पियानो सुरू झाला. एक, दोन, तीन, चार. दहा माणसांचे श्वास ऐकू येत होते, कुणाचा तरी कण्हत. तिसरा प्रकार आला. माझा उजवा हात आपोआप कानापर्यंत गेला. मी तो खाली आणून दांडक्यावर ठेवला.

तेवढ्यात समोरून सायकलवरून एक दूधवाला आला. गेटाशी पाय टेकून त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. पट्ट्या, काठ्या आणि पेटीवर बसून हात फिरवणारा ओगाता. त्याला मजा वाटली. मान पुढं काढून त्यानं मला डोळा मारला.

“संप करतायत का व्यायाम? काय चाललंय काय आत?”

माझ्या जिभेवर चार विनोद आले. चारही चांगले होते. समोरचा माणूस हसायला तयार होऊन उभा होता, नुसतं बोट लावायचा अवकाश. मला धाप लागली.

“गेट बंद आहे,” मी म्हणालो.